काकूने पाच वर्षांत वाटलेले पैसे आणि मेडिकेडचा हिशोब : एका घराचं प्रकरण

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे, न्यू जर्सीतलं. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं आणि गाव टाकत नाही. काकू म्हणजे माझी मोठी काकू, दादा तिचा मुलगा, वहिनी त्याची बायको, आणि ताई तिची मुलगी जी दुसऱ्या राज्यात असते. मी पुतण्या. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं कारण त्यातले बरेच कागद पुण्या-साताऱ्याकडचे होते आणि ते मराठीत होते, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो कारण आपल्या लोकांत हा गोंधळ फार आहे. मेडिकेअर वेगळं आणि मेडिकेड वेगळं. ६५ नंतर मिळतं ते मेडिकेअर, त्यात हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहे, पण म्हातारपणी कायमचं नर्सिंग होममध्ये (इथे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल नाही, ज्यांना रात्रंदिवस देखभाल लागते अशा माणसांची राहायची जागा) राहायची वेळ आली तर त्याचा खर्च मेडिकेअर देत नाही. हॉस्पिटलात तीन दिवस अ‍ॅडमिट राहून मग रिहॅबला (दुखण्यानंतर पुन्हा उभं राहायला शिकवतात तिथे) गेलात तर जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० पूर्ण, आणि २१ व्या दिवसापासून रोजचे पैसे आपल्याला भरावे लागतात (२०२३ मध्ये ते दिवसाला २०० डॉलर होते, काकूच्या पुरवणी इन्शुरन्सने भरले). त्यानंतर सगळं स्वतःच्या खिशातून. खिसा रिकामा झाला की मेडिकेड, म्हणजे पैसे नसलेल्यांसाठीची सरकारी योजना. आणि खिसा रिकामा म्हणजे खरंच रिकामा, आमच्या राज्यात एकट्या माणसाच्या नावावर २,००० डॉलरच्या वर काही नको. नवरा-बायको दोघं असतील तर घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी बरीच जास्त रक्कम सोडतात, पण काकू एकटी होती.

काकू १९७४ मध्ये काकांच्या मागे अमेरिकेत आली. काका इंजिनिअर, काकू पुढे शाळेत ऑफिसात काम करायची. दोघं नागरिक झालेले. हे सांगायचं कारण, नंतर मुलांनी बोलावलेले आईवडील ग्रीन कार्डवर असतात, त्यांना बहुतेक वेळा मेडिकेडसाठीच पहिली पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती या लेखात बसत नाही.

काका २०१६ मध्ये गेले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये काकूने घर विकलं, सगळं जाऊन ३,१०,००० डॉलर हातात आले, आणि ती दादाकडे राहायला गेली. तिथे तिच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली आणि बाथरूम बांधायला तिने डिसेंबर २०१८ मध्ये दादाला ८०,००० दिले. उरले २,३०,०००. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, महिन्याला साधारण १,९०० यायचे, त्यात तिचं भागायचं, त्यामुळे मुद्दलाला हात लावायची गरज नव्हती.

पण काकू देणारी बाई. लहानपणी आम्ही पुण्यात असताना तिच्या पार्सलची वाट बघायचो, त्यात चॉकलेटं, स्वेटर, बाबांसाठी रेझरची पाकिटं, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. तर पैसे हातात आल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यात टॅक्स करणाऱ्यांनी तिला सांगितलं की वर्षाला एका माणसाला १५,००० पर्यंत दिले तर काही फॉर्म भरायला लागत नाही, काही टॅक्स नाही, बिनधास्त द्या. म्हणून २०१९, २०२० आणि २०२१ अशा तीन दिवाळ्यांना पाडव्याला तिने दादाला १५ आणि ताईला १५ हजारांचे चेक दिले. तीन वर्षांचे झाले ९०,०००.

ती सल्ला देणारी व्यक्ती चुकीचं बोलली नाही. १५,००० चा आकडा तेव्हा बरोबरच होता, नंतर तो वाढत गेला, २०२५ ला १९,००० झाला. फक्त तो नियम गिफ्ट टॅक्सचा आहे. मेडिकेडवाले त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांच्यासाठी १५,००० चा चेक म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेले १५,००० आणि ५०० चा चेक म्हणजे ५००. मी या प्रकरणानंतर जितक्या मराठी घरांत हा विषय काढला त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात हाच समज होता, की टॅक्स लागत नाही म्हणजे सगळीकडे चालतं.

मग आला एप्रिल २०२१. माझे बाबा पुण्यात कोविडने हॉस्पिटलात गेले. त्या महिन्यात पुण्यात काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बेड मिळाला हेच नशीब, ३४ दिवस आयसीयू, बिल वाढत चाललेलं, मी इथे, विमानं धड नाहीत, आणि मी दोन महिन्यांपूर्वीच घर घेऊन हात रिकामे करून बसलेलो. मी काकूला मागितले नव्हते. तिनेच फोन करून हॉस्पिटलचं नाव आणि खात्याचा नंबर विचारला आणि १८,००० डॉलर थेट हॉस्पिटलच्या खात्यावर वायर केले. बाबा वाचले. म्हणून हे कागद करताना मी त्रयस्थ नव्हतो हे आधीच सांगितलेलं बरं.

२०२२ च्या सुरुवातीला काकूचं विसरणं वाढलं. गॅस चालू राहायला लागला, औषध दोनदा घ्यायची. मार्चमध्ये डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान लिहिलं आणि वहिनीने नोकरी सोडून घरी थांबायचं ठरवलं. काकूला ते लागलं, सून माझ्यापायी घरी बसली, म्हणून ती दर महिन्याला वहिनीला १,५०० चा चेक द्यायची, मार्च २०२२ ते जून २०२३ असे १६ महिने, म्हणजे २४,०००. चेकवर खाली "घरखर्च" असं लिहिलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या बहिणीचं लग्न झालं, त्याला ९,००० डॉलरचा आहेर. तोपर्यंत तिला बहिणीचं नाव कधी आठवायचं कधी नाही, पण "लग्नाला पाठवायचेत" हे तिने महिनाभर धरून ठेवलं होतं.

जुलै २०२३ मध्ये ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग रिहॅब, आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच कळलं की आता ती घरी येऊ शकत नाही, रात्री उठते, पडते, वहिनी एकटी उचलू शकत नाही. नर्सिंग होमचा दर महिन्याला १२,५००. आमच्या राज्यात हा काही वरचा दर नाही. तिच्या नावावर तेव्हा १,१३,००० डॉलर होते.

दादाला वाटलं की चला, हे पैसे संपले की मेडिकेड घेईल. मग वकिलांकडे गेलो. वृद्धांच्या कायद्याचंच काम करणारे वकील असतात, त्यांच्याकडेच जावं, घर घेताना कागद करून देणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडे नको. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गेल्या पाच वर्षांत कोणाला काय दिलंय? आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

नियम असा आहे. माणूस नर्सिंग होममध्ये असताना मेडिकेडचा अर्ज करतो त्या तारखेपासून मागे ६० महिने बघतात, याला लुक-बॅक म्हणतात. त्या ६० महिन्यांत जे काही फुकट किंवा कमी किमतीत दिलं असेल त्याची बेरीज करतात, तिला राज्यातल्या नर्सिंग होमच्या सरासरी खर्चाने भागतात, आणि जेवढे महिने येतील तेवढे महिने मेडिकेड तुमचं नर्सिंग होमचं बिल भरत नाही, ही झाली पेनल्टी. आमच्याकडे खरं तर दिवसाचा दर लावतात आणि तो अधूनमधून बदलतो, इथे हिशोब समजावा म्हणून मी महिन्याला सरळ १२,००० धरतो.

आता यातला खरा चटका कुठे आहे बघा. ती पेनल्टी कधी सुरू होते? बहुतेकांना वाटतं दिल्या दिवसापासून. पूर्वी तसंच होतं, आणि लुक-बॅकही बहुतेक देण्याघेण्यांसाठी तीनच वर्षांचा होता. ८ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने दोन्ही बदललं, तीनाची पाच वर्षं झाली आणि पेनल्टीचं घड्याळ तेव्हा सुरू व्हायला लागलं जेव्हा माणूस नर्सिंग होममध्ये आहे, नावावरचे पैसे मर्यादेच्या खाली आलेत, अर्ज टाकलाय आणि फक्त या दिलेल्या पैशांमुळेच मेडिकेड अडलंय. म्हणजे काकूने २०१९ च्या दिवाळीला दिलेल्या चेकची शिक्षा २०१९ मध्ये भोगून संपत नाही, ती २०२४ मध्ये, हातात २,००० सुद्धा नसताना सुरू होते. दादाने हे वकिलांकडून तीन वेळा समजून घेतलं, त्याला पटेचना की सरकार असं कसं करू शकतं.

मधे एक मोठी चूक होता होता राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोणीतरी दादाला सांगितलं की एकदा अर्ज टाकून तर बघ, नाही म्हणाले तर परत टाकू. वकिलांनी लगेच थांबवलं. तेव्हा अर्ज टाकला असता तर लुक-बॅक नोव्हेंबर २०१८ पर्यंत मागे गेला असता आणि खोली बांधायला दिलेले डिसेंबर २०१८ चे ८०,००० त्यात सापडले असते, आणि नर्सिंग होममध्ये असताना केलेला पहिला अर्ज हीच लुक-बॅकची तारीख धरायची अशी केंद्राची जुनी सूचना आहे, त्यामुळे तो नामंजूर होऊन नंतर दुसरा टाकला तरी ते ८०,००० मागे लागायचा धोका होता. ८० भागिले १२, म्हणजे साडेसहा महिन्यांहून जास्त. तसेही तिच्या नावावर लाखभर असताना अर्ज मंजूर होणारच नव्हता. सहज म्हणून टाकायचा हा अर्ज नाहीच.

म्हणून आधी काकूचे पैसे तिच्याच खर्चाला लावले. वकिलांची फी ७,०००, अंत्यविधीचे पैसे ८,००० (ते परत काढता येणार नाहीत अशा ट्रस्टमध्ये भरले तर मेडिकेड मोजत नाही, हे बोलायला जड जातं पण करून ठेवावं), आणि राहिलेले ९८,००० दरमहा सोशल सिक्युरिटी वजा जाता १०,६०० च्या हिशोबाने जुलै २०२४ मध्ये संपले. १ ऑगस्टला काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या ऑफिसात, अर्ज. लुक-बॅक ऑगस्ट २०१९ पर्यंत. खोलीचे ८०,००० बाहेर राहिले.

त्यानंतरचे चार महिने मी रोज रात्री कागद लावत होतो. पाच वर्षांची सगळ्या खात्यांची सगळी स्टेटमेंट, बंद केलेल्या खात्यांचीसुद्धा. एका बँकेचं विलीनीकरण झालेलं, तिथून जुनी स्टेटमेंट काढायला सहा आठवडे लागले. काउंटीकडून पत्र यायचं, अमुक तारखेचा हा चेक कशाचा, थोड्याच दिवसांत उत्तर द्या, एकाचं उत्तर दिलं की पुढचं पत्र. जानेवारी २०२० मध्ये काकू भारतात गेली होती तेव्हा काढलेले रोख ४,००० कशाचे ते विचारलं.

आणि अर्जात प्रश्न होता, परदेशात काही मालमत्ता आहे का, गेल्या पाच वर्षांत होती का, कोणाला दिली का.

सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. काका गेल्यावर त्यांच्या हिश्श्यावर वारस म्हणून काकू, दादा आणि ताई तिघांची नावं सातबाऱ्यावर लागली. जानेवारी २०२० च्या त्या फेरीत तिघांनी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन माझ्या बाबांच्या आणि धाकट्या काकांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, मोबदला काही नाही. आपल्याकडे हे अगदी सरळ आहे, जे तिथे कसतात त्यांच्याकडे जमीन राहू दे, परदेशातल्यांनी हक्क धरून काय करायचंय. घरात सगळ्यांना ते चांगलंच वाटलं, मलाही. पण मेडिकेडच्या भाषेत वारसाहक्काने आलेला हिस्सा फुकट सोडणं म्हणजे मालमत्ता देऊन टाकणंच, मग ती इथे न्यू जर्सीत एडिसनला असो नाहीतर साताऱ्यात.

यावर घरात भांडण झालं, खरंखुरं. ताईचं म्हणणं होतं कशाला सांगायचं, साताऱ्याच्या तलाठ्याला अमेरिकेतली काउंटी विचारायला जाणार आहे का. मी म्हटलं अर्जाखाली सही दादाची आहे, खोटं निघालं तर फसवणुकीचा गुन्हा त्याच्यावर येईल, आणि जमिनीच्या नोंदी आता ऑनलाइन आहेत, नाव टाकून कोणीही बघू शकतो. पण मला मनातून वेगळंच वाटत होतं, की ती जमीन माझ्या बाबांकडे आली होती, आणि तेच लपवा असं मी सांगितलं असतं तर मी कोणासाठी सांगतोय हा प्रश्न मला स्वतःलाच पडला असता. दादाने शेवटी सांगितलं, लिहायचं. मग सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्र सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं, रेडी रेकनरच्या दराने काकांच्या हिश्श्याची किंमत काढली, साधारण १५ लाख रुपये, त्यातला काकूचा तिसरा भाग ५ लाख, तेव्हाच्या ७१ च्या भावाने ७,००० डॉलर. दादा आणि ताईने जो स्वतःचा भाग सोडला त्याचा काकूशी संबंध नाही, तो त्यांचा होता. पहिल्यांदा काउंटीने पूर्ण १५ लाख धरले होते, वारस नोंदीचं भाषांतर दिल्यावर ते एक तृतीयांशवर आले. भाषांतर करताना "अविभक्त" हा शब्द नीट पोचवायलाच मला एक रात्र लागली.

मग सगळी बेरीज. दिवाळीचे ९०, बाबांचे १८, लग्नाचे ९, वहिनीचे २४, जमिनीचे ७, रोख ४. एकूण १,५२,०००, म्हणजे साडेबारा महिन्यांच्या वर पेनल्टी.

कायद्यात एक दार आहे. दिलेले पैसे निव्वळ दुसऱ्याच कारणासाठी दिले होते, मेडिकेड मिळवायला नाही, हे तुम्ही पुराव्याने दाखवलंत तर ती रक्कम वगळतात. आधीपासून गृहीत असं धरतात की मेडिकेडसाठीच दिले, सिद्ध तुम्ही करायचं. बाबांच्या १८,००० साठी आमच्याकडे सगळं होतं : कोविडचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, हॉस्पिटलचं बिल, वायर थेट हॉस्पिटलच्या नावावर, आणि काकूच्या डॉक्टरांचं पत्र की एप्रिल २०२१ मध्ये ती पूर्ण ठणठणीत होती, स्वतः गाडी चालवत होती. ते वगळले. रोख ४,००० साठी पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं, पुण्यातल्या दाताच्या डॉक्टरची पावती, साड्यांच्या दुकानाची बिलं, तेही वगळले. (काकू सगळ्या पावत्या एका डब्यात ठेवायची, आम्ही हसायचो तिला.)

दिवाळीचे चेक नाही सुटले. ती दरवर्षी देते, टॅक्सवाल्यांच्या सल्ल्याने देते, हे सगळं सांगितलं, पण पंचाहत्तरीच्या बाईने वर्षाला ३०,००० मुलांना का दिले याचं "प्रेमाने दिले" यापलीकडे आमच्याकडे कागदावर काहीच नव्हतं. लग्नाचा आहेर निदानानंतरचा, तो तर सुटणारच नव्हता. जमीनही तशीच राहिली.

वहिनीच्या २४,००० बद्दल मात्र मी आजही चिडतो. तिने सोळा महिने काकूला अंघोळ घातली, रात्री उठून बाथरूमला नेलं, स्वतःची नोकरी सोडली. तिने हे केलं नसतं तर काकू वर्षभर आधीच नर्सिंग होममध्ये गेली असती आणि ते पैसे नर्सिंग होमला गेले असते. पण नियम असा की घरच्या माणसाने केलेली सेवा ही मायेपोटी फुकट केली असंच धरायचं, जोपर्यंत ती सेवा सुरू व्हायच्या आधी लेखी करार झालेला नाही, त्यात काम काय, तास किती, तासाला दर किती आणि तो बाजारभावाला धरून आहे का ते सगळं लिहिलेलं नाही. आणि ते पैसे वहिनीचं उत्पन्न म्हणून टॅक्समध्ये दाखवायला हवे होते. आमच्याकडे चेकवर "घरखर्च" लिहिलेलं. वकील म्हणाले यावर भांडून उपयोग नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांनी एक महिना घरी डिमेन्शियाचं माणूस सांभाळून बघावं असं मला मनापासून वाटतं. सुनेने सासूकडून पैसे घ्यायचा लेखी करार करायचा, हे आपल्याकडे तोंडातून निघणारसुद्धा नाही, आणि इथे तोच कागद हवा होता, वकिलाकडून तासाभरात झाला असता.

घराच्या बाबतीत अजून एक गोष्ट नंतर कळली. आईबापाच्या स्वतःच्या घरात मुलगा किंवा मुलगी नर्सिंग होमच्या आधी निदान दोन वर्षं सोबत राहिले आणि त्यांनी केलेल्या देखभालीमुळे नर्सिंग होम लांबलं असं दाखवता आलं, तर ते घर त्या मुलाच्या नावावर करता येतं आणि त्याची पेनल्टी नाही. काकूने घर विकून दादाकडे जाण्याऐवजी दादाच तिच्या घरी राहायला गेला असता तर वेगळं चित्र असतं. पण यात मुलगा-मुलगीच चालतात, सून नाही, म्हणजे देखभाल दादाने स्वतः केली हे दाखवावं लागलं असतं. आणि २०१८ मध्ये शाळा, नोकरी, सगळं सोडून कोण जाणार होतं, तेव्हा काकू टेनिसचे सामने बघायला न्यूयॉर्कला एकटी ट्रेनने जायची.

उरले १,३०,०००. भागिले १२,०००, दहा महिने पंचवीस दिवस. १ ऑगस्ट २०२४ पासून साधारण २५ जून २०२५ पर्यंत.

या काळात बिल कोण भरणार? काकूकडे काही नाही, मेडिकेड देत नाही. नर्सिंग होम पैसे न भरल्याबद्दल ३० दिवसांची नोटीस देऊन काढू शकतं, तशी पत्रं यायला लागली होती. दादाने दाखल करताना एका कागदावर "जबाबदार व्यक्ती" म्हणून सही केलेली, ती त्याच्या अंगावर येणार का ही धाकधूक. केंद्राच्या नियमाने नर्सिंग होम नातेवाइकाकडून वैयक्तिक हमी मागू शकत नाही, पण सही काय शब्दांखाली केली आहे ते बघावं लागतं, आईच्या पैशातून भरीन की मी भरीन. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर मुलांवर आईबापाच्या पोषणाची जबाबदारी टाकणारा जुना कायदा आहे, २०१२ मध्ये तिथल्या कोर्टाने एका मुलाला आईचं ९३,००० डॉलरच्या आसपासचं बिल भरायला लावलं. ताई तिथलीच, तिने ते वाचलं आणि दोन दिवस झोपली नाही, जरी काकू न्यू जर्सीत होती.

एक उपाय असतो की घेतलेले पैसे परत करायचे. सगळे परत केले तर पेनल्टी जाते. थोडे परत केले तर थोडी कमी होईल का, हे राज्याराज्यावर आहे, वकील म्हणाले त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय काकूच्या खात्यात पैसे परत आले की ती पुन्हा २,००० च्या वर जाते. अडचण असेल तर पेनल्टी माफ करा असा हार्डशिपचा अर्जही करता येतो पण मुलांकडे घर आणि नोकऱ्या असताना तो मिळणं अवघड होतं. म्हणून ठरलं की पैसे काकूला परत न देता घेणाऱ्यांनीच थेट नर्सिंग होमला भरायचे. महिन्याला १०,६००, सगळे मिळून साधारण १,१५,०००.

वाटणीची बैठक आमच्या घरी झाली. ताईचे ४५,००० तिच्या मुलाच्या कॉलेजात गेलेले, तिच्याकडे परत द्यायला नव्हते आणि ते बोलताना ती रडली, कारण तिला वाटत होतं आपण आईचे पैसे खाल्ले असं सगळे समजतायत. कोणी तसं म्हटलं नाही पण दादा गप्प होता आणि ते गप्प राहणंच जास्त लागतं. शेवटी दादाने घरावर कर्ज काढून ५८,००० उचलले, ताईने हप्त्याने ३०,०००, आणि २७,००० मी. लग्नाचे ९ मी देणारच होतो. १८ तर वगळले होते, मला कोणी मागितले नाहीत. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, सरकारने सोडले म्हणून आपण सोडायचे का.

वेगळ्या राज्यात असाल तर तिथले नियम वेगळे, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून मालमत्तेची मर्यादाच काढली होती, आणि १ जानेवारी २०२६ पासून ती १,३०,००० डॉलरवर परत आणली आहे. न्यूयॉर्कमध्ये घरी मिळणाऱ्या देखभालीसाठी ३० महिन्यांचा लुक-बॅक २०२० मध्ये ठरला आणि तेव्हापासून पुढेच ढकलला जातोय, नर्सिंग होमसाठी मात्र तिथेही ६० महिनेच. आमचे आकडे तुमच्याकडे जसेच्या तसे लावू नका.

जून २०२५ च्या शेवटी मंजुरीचं पत्र आलं. आता तिची सोशल सिक्युरिटी थेट नर्सिंग होमला जाते, हातखर्चाला थोडेसे उरतात, बाकी मेडिकेड भरतं. दर वर्षी पुन्हा तपासणी असते, त्यासाठी मी एक फाइल ठेवलीय, काकूच्या पावत्यांचा डबाही त्याच कपाटात आहे.

यंदाच्या पाडव्याला आम्ही सगळे तिला भेटायला गेलो. ताईपण आली होती. काकूला मी ओळखू आलो नाही, पण नातू समोर आल्यावर तिने वहिनीला विचारलं, माझी पर्स कुठाय, पोराला दिवाळी द्यायचीय. दादाने आधीच खिशात पाकीट आणलं होतं, स्वतःच्या पैशांचं, वर तिच्यासारख्याच अक्षरात नातवाचं नाव लिहिलेलं. ते त्याने तिच्या हातात ठेवलं. तिने ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि नातवाला वाकायला लावून दिलं.